नवी मुंबईत नवीन आलात ना? मग आधी तिथी बघा

दर जूनमध्ये आमच्या बाजूला आपल्याकडची दोन-चार बिऱ्हाडं येतात. बीड, लातूर, परभणी, एखादं वाशिमचं. गॅस, शाळा, पाण्याची वेळ यांची चौकशी संपली की तिसऱ्या-चौथ्या रविवारी फोन येतोच, "ताई, इथं समुद्र कुठून दिसतो? पोरं मागं लागलीयत."

प्रश्न रास्त आहे. नकाशावर नवी मुंबईच्या अंगाला सगळीकडं निळं दिसतं. प्रत्यक्षात चालत निघालात की आधी खारफुटी आडवी येते, तिच्यापुढं चिखल, आणि पाणी त्याच्याही पलीकडं कुठंतरी. मी २००५ साली अंबाजोगाईहून नेरुळला आले तेव्हा पाम बीच रोडवर बीच शोधत तासभर चालले होते. पाम मिळाले. बीच अजून मिळायचाय.

पण समुद्राकाठची भटकंती इथं भरपूर आहे, आणि ती लोकलच्या पासात होते. आपल्या लोकांची गडबड होते ती एकाच ठिकाणी. आपल्याला पाणी म्हणजे मांजरा नदी ठाऊक. पाऊस झाला की वाहणार, नाही झाला की नाही, आणि वाहिली तर एकाच दिशेनं. इथलं पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा जातं, आणि रोजची वेळ वेगळी. आदल्या रविवारी जिथं वाळूवर डबा खाल्ला, तिथं पुढच्या रविवारी गळ्याएवढं पाणी असू शकतं.

मी हे कसं शिकले ते सांगते. २०११ सालची माघी पौर्णिमा. आम्ही तीन कुटुंबं, सहा पोरं. बेत मीच आखलेला आणि मला तो फार हुशारीचा वाटत होता: सकाळी बसनं उरण, पिरवाडीच्या किनाऱ्यावर दिवसभर चालणं, संध्याकाळी मोरा बंदरातून लाँच पकडून समुद्रातून थेट मुंबईचा भाऊचा धक्का, तिथून डॉकयार्ड रोडला हार्बर लोकल आणि घर. साडेचारला मोऱ्याला पोचलो तर तिकीट खिडकी बंद. लाँच धक्क्यापासून लांब उभी आणि मधे नुसता काळा चिखल. त्या बंदरात गाळ साचतो, उधाणाच्या, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या, ओहोटीला पाणी इतकं उतरतं की लाँचला धक्क्याला लागताच येत नाही, काही तास वाहतूक थांबते. रोज जाणाऱ्यांना हे पाठ होतं, त्यामुळं धक्क्यावर आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. तीन तास बसलो. पोरांचा मात्र वेळ मजेत गेला, कारण चिखलात निवट्या होत्या. हा मासा पाण्याबाहेर चिखलावर उड्या मारत चालतो, डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. दोन नर तोंड उघडून, पाठीवरचा पर ताठ करून एकमेकांवर धावून जात होते आणि आमचा धाकटा त्यांची कॉमेंट्री करत होता. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपली, चंद्र वर आला, मग पाणी आलं.

सोमवारी ही कथा मी आमच्या मासळीवाल्या मावशींना सांगितली. दिवाळे कोळीवाड्याच्या. त्या हसून हसून पाटीवर वाकल्या. "पुनवेला सांजच्याला सुकती असते, तुला ठावं नाय?" म्हणाल्या. सुकती म्हणजे ओहोटी. मग वाटा कापता कापता त्यांनी जो हिशेब सांगितला तो मी आजवर प्रत्येक नव्या बिऱ्हाडाला सांगत आले आहे.

तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन. म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि पहाटे तीनलाही. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बारा. भरतीपासून साधारण सहा तासांनी ओहोटी. शुक्ल असो वा कृष्ण पक्ष, मोजणी प्रतिपदेपासून. कारणही सरळ आहे, चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, पाणी त्याच्या मागून. हा हिशेब तासभर इकडंतिकडं होतो, म्हणून निघायच्या आधी मुंबईचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर बघाच. पण बेत आखायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं.

दुसरी गोष्ट, सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण: पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग: चढही कमी, उतारही कमी. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीची बातमी येते ती उधाणाचीच.

आता यावरून रविवार कसे ठरवायचे ते बघा.

चतुर्थीच्या आसपासची सकाळ असेल तर अलिबागचा कुलाबा किल्ला. भरती दुपारी तीनला, म्हणजे ओहोटी सकाळी नऊला, आणि उधाण नुकतंच सरलेलं असल्यामुळं पाणी चांगलं आत जातं. किनाऱ्यावरून वाळू आणि खडकातून चालत किल्ल्यात जाता येतं. कान्होजी आंग्र्यांचं हे ठाणं. आत गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी खारा समुद्र असताना. आपल्या दुष्काळी डोळ्यांना ती तटबंदीपेक्षा जास्त दिसते. आठला वाळूत उतरा आणि साडेदहाला परत किनाऱ्यावर या. किल्ल्यात रमून अकरा केले की येताना पाणी मांडीला लागतं, आणि हे पाणी समोरून लाटेसारखं येत नाही, दोन्ही बाजूंनी गुपचूप भरत येतं. अष्टमीला जाऊ नका. त्या दिवशी ओहोटी दुपारी बाराला असली तरी भांग असतो, पाणी पुरतं हटत नाही. जायला उरणहून करंजा, तिथून रेवसला लाँच आणि पुढं गाडी, हा रस्ता पोरांना आवडतो.

एकादशी-द्वादशीची सकाळ रोहितांची. उपास करा न करा, पण नेरुळ-सीवूड्सच्या मागच्या पाणथळींवर साडेसातला पोचा. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. ओहोटीला ते खाडीच्या उघड्या चिखलात लांब पसरलेले असतात, आपल्याला गुलाबी रेघ दिसते नुसती. भरतीचं पाणी चिखलावर चढलं की त्यांचे पाय पुरेनासे होतात आणि थवेच्या थवे उठून आतल्या तळ्यांवर येतात. म्हणून भरतीच्या आधी जाऊन बसायचं. नोव्हेंबरपासून मेपर्यंत केव्हाही, पण फेब्रुवारी-मार्च माझ्या आवडीचे. बोटीतून बघायचे तर ऐरोलीचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, बोटीची वेळही भरतीवरच ठरते, म्हणून आधी विचारून जा. ठाणे खाडीचं हे अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलं. एवढ्या मोठ्या शहराच्या मधोमध. खारफुटीत मात्र शिरू नका. तिवराची श्वसनमुळं पेन्सिलीसारखी चिखलातून वर आलेली असतात, पाय रुततो आणि पडलात तर ती टोचतात.

आणि घारापुरी. तुम्ही एकच जागा करणार असाल तर ही करा. नवी मुंबईच्या अगदी समोर हिरवागार डोंगर पाण्यात बसलाय. रायगड जिल्हा, उरण तालुका. तरी आपण जायचं मुंबईला वळसा घालून: हार्बरनं सीएसएमटी, तिथून गेटवे, मग तासाभराची बोट. बेलापूर धक्क्यावरून बोट कधी सुरू होते, कधी बंद पडते. चौकशी करा, पण तिच्या भरवशावर पाहुणे बोलावू नका. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद, आहे का तेही आदल्या दिवशी बघा. माझ्या अनुभवात समुद्रापेक्षा मेगाब्लॉकनं जास्त सहली बुडवल्यात. सोमवारी लेणी बंद. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही, त्यामुळं शेवटची बोट किती वाजता हे उतरल्याउतरल्या विचारायचं आणि सगळ्यांना पाठ करायला लावायचं. लाइफ जॅकेट मळकं असलं तरी घालायचं, नाक मुरडायचं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये याच वाटेवर प्रवासी बोटीला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून माणसं गेली.

शेतबंदरला उतरलं की खेळण्यातली गाडी, मग शे-सव्वाशे पायऱ्या, दोन्ही बाजूंना दुकानं आणि हातातलं कणीस हिसकावणारी माकडं. खाऊ पिशवीत, पिशवी पोटाशी. वर सदाशिवाची वीस फुटी मूर्ती आहे. तिच्याबद्दल मी सांगत नाही, समोर उभं राहून बघा, दहा मिनिटं तरी. बहुतेक लोक तिथूनच परततात. तुम्ही तोफांच्या टेकडीवर चढा. वर दोन जुन्या तोफा पडल्यात. एका बाजूला न्हावाशेवा बंदराच्या क्रेन रांगेनं, दुसरीकडं मुंबई, आणि मधे मोठमोठी जहाजं उन्हात गप्प उभी. पुढं गावकऱ्यांना विचारत पायवाटेनं राजबंदर, मोराबंदरकडं जाता येतं. हे मोराबंदर बेटावरचं, उरणचं मोरा वेगळं, गोंधळू नका. दाट झाडी, करवंदीच्या जाळ्या, मधेच घरं. या तीन गावांना कायमची वीज मिळाली ती २०१८ साली, समुद्राखालून केबल टाकून. समोर बंदराचे दिवे रात्रभर लखलखत आणि इथं संध्याकाळी तीन-साडेतीन तास जनरेटर. आपल्या वाडी-तांड्यांवरून आलेल्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. पाण्याचीही टंचाई असते, म्हणून आपलं पाणी आपण न्या, माणशी दोन लिटर, आणि रिकाम्या बाटल्या परत आणा.

पायवाट सोडून खालून, काठानं जायचा शहाणपणा करू नका. मी एकदा केला. ओहोटी होती, खडक उघडे होते, सरळ रस्ता वाटला. पाऊण तासात पाणी चढलं, डावा सँडल चिखलानं ठेवून घेतला आणि करवंदीतून ओरबाडत वर यावं लागलं. तेव्हापासून मागं पट्टा असलेले फ्लोटरच. स्पोर्ट शूज तर मुळीच नकोत, खारा चिखल लागला की चार दिवस वाळत नाहीत.

उन्हाबद्दल आपल्या लोकांना फाजील आत्मविश्वास असतो. "बेचाळीस डिग्री बघितलेत आम्ही." बघितलेत, पण कोरडे. तिथं घाम वाळतो म्हणून अंग थंड राहतं. इथं बत्तीस-तेहतीसलाही हवेत इतका ओलावा असतो की घाम नुसता निथळतो, अंग थंड होत नाही, आणि तासाभरात पाय गळतात. नुसतं पाणी पिऊन भागत नाही, लिंबू-मीठ-साखर हवंच. अकरा ते चार चालायचं नाही. माझ्या सासूबाई पहिल्या वर्षी पिरवाडीला भोवळ येऊन बसल्या होत्या, आणि त्यांनी उभा जन्म रानात काढलेला.

पावसाळ्यात काय? हिरवळ बघायला मन धावतं, मान्य. पण बोटींचा भरवसा नसतो, खडकांवर शेवाळ असतं, आणि खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी असते ती उगाच नाही, तिथं दर काही वर्षांनी पोरं गेलेली आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंदी असते, कोळी स्वतः किनाऱ्यावर बसलेला असतो. नारळी पौर्णिमेला त्याचा समुद्र सुरू होतो. आपण गणपती उठेपर्यंत दम धरावा. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे घारापुरी जितकी हिरवी असते तितकी वर्षात कधी नसते. मग ऑक्टोबरची तलखी, आणि खरा मोसम दिवाळीनंतर ते शिमग्यापर्यंत.

ठाण्यात घर घेतलेल्यांनी बेट बघायला लांब जायचीही गरज नाही, तुम्ही बेटावरच राहता. पूर्वेला ठाण्याची खाडी, उत्तरेला उल्हास नदी वसईच्या खाडीला मिळते, हे सगळं साष्टी बेट. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली आगगाडी बेटं सोडून बाहेर पडलीच नव्हती. गायमुखला खाडीकाठी संध्याकाळी जा. तिथंही भरती बघूनच, नाहीतर चिखलाचा वास खात बसाल.

उरणला आता नेरुळ-बेलापूरहून थेट लोकल जाते, जानेवारी २०२४ पासून. आम्हाला तेव्हा ती असती तर मोऱ्याला तीन तास बसावं लागलं नसतं, पण निवट्याही दिसल्या नसत्या. गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा. पिरवाडीला जाताना डबा घरचा न्या. दशमी खाऱ्या हवेत दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चांगली राहते, ज्वारीची भाकरी संध्याकाळीच वातड होते. आणि येताना मासळी घेणार असाल तर मला आधी फोन करा, बर्फाचा डबा देते. गेल्या खेपेला परभणीच्या मंडळींनी बोंबील साध्या पिशवीतून लोकलनं आणले. अख्खा डबा नेरुळपर्यंत आमच्याकडं बघत होता.