पेशीच्या पृष्ठभागावरील साखर आणि नियोजित मृत्यू : प्रयोग कसा मांडावा

नवी मुंबईतील महाविद्यालयांत एम.एस्सी.चा प्रकल्प करणारे विद्यार्थी ‘साखर आणि पेशीमृत्यू’ असा विषय निवडतात, तेव्हा पुष्कळांच्या मनात ग्लुकोज असते. येथे साखर म्हणजे पेशीपटलावरील प्रथिनांना आणि मेदांना जोडलेल्या शर्करांच्या साखळ्या. त्यांच्या टोकाला बहुधा सायलिक आम्ल असते आणि मृत्यूचा निरोप पेशीला कितपत पोचतो, हे काही अंशी त्यावर ठरते. गॅलेक्टिन-१ हे साखरेला चिकटणारे प्रथिन सक्रिय टी-पेशींना (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना) मृत्यूकडे नेते, हे १९९५ मध्ये दाखवले गेले. ते टी-पेशींच्या पृष्ठभागावरील सीडी४५, सीडी४३ अशा प्रथिनांवरील गॅलॅक्टोजला चिकटते, परंतु त्याच गॅलॅक्टोजवर अल्फा-२,६ जोडणीने सायलिक आम्ल चढले की त्याला धरायला जागा उरत नाही. फास या मृत्यूग्राहीवरही (मृत्यूचा निरोप झेलणाऱ्या पृष्ठभागावरील प्रथिनावरही) याच जोडणीचे सायलिक आम्ल असले, तर ग्राही पेशीच्या आत ओढला जाण्यात अडथळा येतो आणि निरोप अर्धवट राहतो.

म्हणून सायलिक आम्ल छाटावे आणि मृत्यू वाढतो का ते पाहावे. जुर्काट पेशी, म्हणजे रक्ताच्या कर्करोगातून मिळालेल्या आणि प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या टी-पेशी, यासाठी सोयीच्या आहेत. त्या सीरमविरहित माध्यमात दोनदा धुवाव्यात, कारण सीरममधील प्रथिनांवरही सायलिक आम्ल असते आणि सायलिक आम्ल छाटणारे न्यूरामिनिडेज हे विकर त्यांच्यावरच खर्ची पडते. कॉलराच्या जिवाणूपासून मिळणाऱ्या न्यूरामिनिडेजला कॅल्शियम लागते. त्यामुळे कॅल्शियम बांधून ठेवणारे ईडीटीए असलेले द्रावण येथे चालणार नाही. एका नळीत विकर, दुसरीत उकळून निष्क्रिय केलेले विकर आणि तिसरीत नुसते द्रावण घालून तिन्ही नळ्या ३७ अंश सेल्सिअसला तासभर ठेवाव्यात.

यानंतर लगेच मृत्यू मोजायला धावू नये. छाटणी खरोखर झाली का, हे आधी पाहावे, आणि बहुतेक प्रकल्प फसतात ते हीच पायरी गाळल्यामुळे, असे माझे मत आहे. प्रत्येक नळीतून थोड्या पेशी वेगळ्या काढून त्यांना चमकणारे रंगद्रव्य जोडलेले लेक्टिन, म्हणजे ठरावीक साखरेलाच चिकटणारे प्रथिन, लावावे. एल्डरबेरीचे लेक्टिन अल्फा-२,६ सायलिक आम्ल ओळखते, म्हणून त्याची चमक घटली पाहिजे. शेंगदाण्याचे लेक्टिन सायलिक आम्लाखाली झाकलेली साखर ओळखते, पण जुर्काट पेशींत ती साखर जवळजवळ बनतच नाही, म्हणून त्याची चमक वाढण्यावर येथे विसंबू नये. फणसाच्या आठळ्यांतील जॅकॅलिन वापरण्याचा मोह कोकणातल्या माणसाला होणारच, पण ते सायलिक आम्ल असतानाही पुष्कळदा चिकटते, त्यामुळे या तपासणीला ते निरुपयोगी आहे. लेक्टिन लावलेल्या पेशी मृत्यूच्या मोजणीत परत मिसळू नयेत, कारण काही लेक्टिने स्वतःच पेशी मारतात.

आता उरलेल्या पेशींना फासला चिकटून मृत्यूचा निरोप देणारे फासविरोधी प्रतिपिंड द्यावे. मात्रा आधी पडताळून अशी ठरवावी की न छाटलेल्या पेशींपैकी साधारण चतुर्थांशच मरतील. सगळ्याच मेल्या तर फरक दिसणार कुठे? नियोजित मृत्यू घडवणारी कॅस्पेज ही विकरे रोखणारे झेड-व्हॅड घातलेली एक नळी सोबत ठेवावी.

मोजणी ॲनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशीच्या बाहेर आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिन या मेदाला चिकटणारे प्रथिन) आणि प्रोपिडियम आयोडाइड (पटल फाटलेल्या पेशीतच शिरणारा रंग) यांनी करावी. ॲनेक्सिनलाही कॅल्शियम लागते, आणि रंगवलेल्या पेशी तासाभरात फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) गेल्या पाहिजेत. एका जुलैत मी ठाण्यात पेशी रंगवून बर्फात घालून खारघरकडे निघालो, आणि पावसात ट्रान्स-हार्बरची लोकल अडकली. यंत्रापाशी पोचलो तेव्हा न छाटलेल्या पेशीही दोन्ही रंगांनी चमकत होत्या. तेव्हापासून पेशी न रंगवता माध्यमातच न्याव्यात आणि यंत्राशेजारी बसून रंगवाव्यात, असे मी सर्वांना सांगतो.

फासऐवजी गॅलेक्टिन-१ वापरले, तर अधिक सावध राहावे. ते काही परिस्थितींत पेशी न मारताही फॉस्फॅटिडिलसेरिन बाहेर आणते, म्हणजे ॲनेक्सिन चिकटते पण पेशी जिवंत असते. तेव्हा कॅस्पेज-३ वेगळे तपासावे. शिवाय एका नळीत लॅक्टोज आणि दुसरीत तितक्याच तीव्रतेचे सुक्रोज घालावे. लॅक्टोजने परिणाम थांबला आणि सुक्रोजने थांबला नाही, तरच तो गॅलेक्टिनने साखर धरल्यामुळे झाला, असे लिहावे.