मावशी, कंबर सांभाळा: पेशंट उठवताना या चुका टाळा

घरी पेशंट सांभाळणाऱ्या मावशींची कंबर धरते ती बहुधा पेशंटला बेडवरून खुर्चीत घेताना. पण चूक त्याच्या आधीच झालेली असते: बेड भिंतीला चिकटलेला असतो. पुण्याच्या पेठांतल्या लहान खोल्यांत हे हमखास दिसतं. मग पलीकडची बाजू पुसायला मावशी पेशंटवर ओणव्या होतात आणि सगळा भार कंबरेवर येतो. घरच्यांनी बेड दीड-दोन फूट पुढे ओढून द्यावा. जागाच नसेल तर पेशंटला आपल्याकडे कुशीवर वळवा आणि एक गुडघा गादीवर टेकवून काम करा. भाड्याच्या फाउलर बेडचं (हँडल फिरवून डोक्या-पायाकडची बाजू वर-खाली होणाऱ्या बेडचं) हँडल वापरून झालं की आत दुमडा, नाहीतर नडगीवर बसतं.

दुसरी चूक म्हणजे काखेत हात घालून ओढणं. लकवा झालेल्या बाजूचा खांदा त्याने निखळू शकतो. पेशंटला ‘माझ्या गळ्याला धरा’ असंही सांगू नका. तोल गेला की त्याचं सगळं वजन तुमच्या मानेवर येतं.

त्याऐवजी खुर्ची पेशंटच्या चांगल्या बाजूला तिरकी लावा. व्हीलचेअर असेल तर ब्रेक लावून पायपट्ट्या वर करा. कुशीवर वळवून पाय खाली सोडा, बसवा आणि एक-दोन मिनिटं थांबा, कारण एकदम उठवल्यावर बीपी उतरून चक्कर येते. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले हवेत. कंबरेला रुंद पट्टा बांधून तो धरा, लुळा गुडघा आपल्या गुडघ्याने अडवा, पेशंटला पुढे वाकायला लावा आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून उठवा. वळताना कंबर पिळू नका, पावलं टाका. पेशंट कोसळायला लागला तर उभा धरून ठेवायचा हट्ट नको. डोकं सांभाळत, आपल्या मांडीवरून हळूहळू खाली बसवा.

पेशंटला बेडवर उशीकडे सरकवायला मात्र दोघं लागतात. डोक्याकडची बाजू सपाट करा आणि पाठीखालची दुमडलेली चादर दोन्हीकडून ओढा. एकट्या मावशींवर हे काम टाकणं चूकच.

अंघोळीला रबरी तळाची चप्पल घाला. फरशीवरचं साबणाचं पाणी आधी धुऊन काढा, मगच पेशंटला उठवा.

इन्सुलिनच्या सुईला परत टोपण लावू नका. बोटाला सुई टोचते ती तिथेच. सुई थेट झाकण असलेल्या जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, कचऱ्याच्या पिशवीत नाही. टोचलीच तर बोट दाबू नका, चोखू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली धुवा आणि ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात लगेच जा. एचआयव्ही टाळणारं औषध लागेल का, ते डॉक्टर ठरवतात. ते शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू व्हावं लागतं आणि २८ दिवस घ्यावं लागतं. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस झालेत का, हे घरच्यांनी मावशींना पहिल्याच दिवशी विचारावं.