टॅपेट सेटिंग घरी करताना या चुका टाळा : डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह इंजिनांसाठी

टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट मापात लावणे; ते केल्यावर इंजिन पूर्वीपेक्षा शांत झाले म्हणजे काम फत्ते झाले, ही समजूत सगळ्यांत महागात पडते. फट वाजवीपेक्षा जास्त राहिली तर रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा झुलता दांडा) खडखडतो आणि चूक कानाला कळते. फट कमी राहिली तर मात्र काहीच ऐकू येत नाही. अशा इंजिनात व्हॉल्व्ह आपल्या सीटवर, म्हणजे हेडमधल्या बसायच्या कड्यावर, पूर्ण टेकेनासा होतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेल्या वेळातच सिलिंडर हेडला देत असतो. ते टेकणे अपुरे पडले की त्याची कड जळू लागते, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) उतरते आणि थंड इंजिन सुरू व्हायला कुरकुर करते. शिवाय वापराबरोबर सीट झिजून व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा थोडा वर सरकतो व फट आपोआप कमी होत जाते, म्हणून ‘आवाज नाही, मग उघडायचे कशाला’ असे म्हणून तपासणी पुढे ढकलणे हीसुद्धा चूकच आहे.

याच्या उलट, प्रत्येक टकटक टॅपेटचीच असते असेही नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (हेडमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) गॅस्केट फुटले असेल तर हुबेहूब टॅपेटसारखा आवाज येतो. तो इंजिन थंड असताना मोठा असतो, तापल्यावर बऱ्याचदा कमी होतो आणि जोडाजवळ काजळीचा डाग दिसतो. कव्हर उघडण्यापूर्वी तेवढे पाहून घ्यावे. आपल्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट (तेलाच्या दाबाने फट आपोआप भरून काढणारे) आहेत का, हेही आधीच तपासावे, कारण लँड रोव्हरच्या टीडी५सारख्या इंजिनात नेहमीच्या देखभालीत फट लावण्याचे कामच नसते.

दुसऱ्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावणे ही चूक अनुभवी लोकही करतात. लँड रोव्हरच्या ३०० टीडीआय इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींना ०.२० मिलिमीटर फट लागते, तर टोयोटाच्या १एचझेड इंजिनात थंड अवस्थेत इनलेटला ०.१५ ते ०.२५ आणि एक्झॉस्टला ०.३५ ते ०.४५ मिलिमीटर लागते. आकड्याशेजारी ‘थंड’ लिहिले आहे की ‘गरम’, हे त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. तापल्यावर फट नेहमी कमीच होते, असा ठोकताळा अनेक जण वापरतात; पण ॲल्युमिनियमचे हेड व्हॉल्व्हच्या दांडीपेक्षा जास्त प्रसरण पावते, त्यामुळे काही ओव्हरहेड कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हेडमध्येच असलेल्या) इंजिनांत गरम अवस्थेचा आकडा थंड अवस्थेपेक्षा मोठा दिलेला असतो. म्हणून एकावरून दुसरा अंदाजाने काढू नये. थंडचा आकडा असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून मगच हात लावावा. दोन तासांत बाहेरून गार वाटणारे डिझेल इंजिन आतून कोमटच असते.

आता मुख्य चुकीकडे वळू या, आणि ती माझ्या स्वतःच्या हातून झालेली आहे. पहिल्यांदा हे काम केले तेव्हा मी क्रँक पुलीवरची खूण जुळवली, पहिला सिलिंडर टॉपला (पिस्टनच्या सर्वांत वरच्या जागी) आला असे धरले आणि रॉकर हलवून पाहिले, तर दोन्ही घट्ट. फट उरलेलीच नाही असे वाटून मी दोन्ही स्क्रू सैल केले, फिलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या संचातली, ०.२० ची पाती मापात सरकेपर्यंत. इंजिन सुरू केल्यावर जी खडखड सुरू झाली ती दहा सेकंदांहून जास्त ऐकवली नाही. पुन्हा उघडून योग्य जागी मोजले तर पातीवर पाती रचूनही ती फट भरेना. झाले होते असे की चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांमागे कॅमशाफ्टची एकच फेरी होते, त्यामुळे पुलीची खूण दोनदा जुळते : एकदा कॉम्प्रेशनच्या टॉपला आणि एकदा एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होण्याच्या टॉपला. मी नेमका दुसऱ्या टॉपवर होतो, जिथे दोन्ही व्हॉल्व्ह थोडे थोडे उघडे असतात. खूण खरी होती, स्ट्रोक चुकीचा होता.

यावरचा उपाय खुणेवर विसंबण्याऐवजी रॉकरकडे पाहणे हा आहे. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात पहिला व चौथा आणि दुसरा व तिसरा पिस्टन जोडीने वर येतात. चौथ्या सिलिंडरचे रॉकर डुलत असतील, म्हणजे एक व्हॉल्व्ह मिटता मिटता दुसरा उघडायला लागला असेल, तेव्हा पहिला सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला असतो आणि त्याचेच व्हॉल्व्ह लावायचे असतात. फायरिंगचा क्रम १-३-४-२ असेल तर प्रत्येक वेळी क्रँक अर्धी फेरी पुढे नेऊन याच क्रमाने जावे. सहा सिलिंडरच्या सरळ इंजिनात १-६, २-५ आणि ३-४ अशा जोड्या असतात. ज्या चार सिलिंडरच्या हेडमध्ये आठ व्हॉल्व्हची मांडणी दोन्ही टोकांकडून सारखी आहे, त्यांत नवाचा नियम चालतो : आठवा व्हॉल्व्ह पूर्ण दाबलेला असताना पहिला लावायचा, सहावा दाबलेला असताना तिसरा, अशी प्रत्येक वेळी बेरीज नऊ. ३०० टीडीआयला हा नियम लागू पडतो; इतर इंजिनांना तो डोळे झाकून लावू नये.

इंजिन फिरवताना गाडी सपाट जागी, चाकांना अडसर लावून, गिअर न्यूट्रलमध्ये आणि बॅटरीची निगेटिव्ह तार काढलेली असावी. क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवावे. कॅम पुलीच्या बोल्टवर जोर देऊ नये. डिझेलचे कॉम्प्रेशन दांडगे असल्यामुळे पाना उलट झटका देतो. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करण्यासाठी सिलिंडर तापवणारे) काढल्यास फिरवणे सोपे होते, पण जाम झालेला ग्लो प्लग हेडमध्ये तुटला तर मूळ काम बाजूला राहून भलतेच काम अंगावर येते, म्हणून तो सहज सुटत नसेल तर नाद सोडावा.

फिलर गेज वापरताना पाती हलकीशी अडत सरकली पाहिजे. ‘हलकीशी’ म्हणजे किती, यावर वाद घालण्यापेक्षा दोन पात्यांनी पडताळावे : ०.२० लावायचे असेल तर ०.२० जावी आणि ०.२५ जाऊ नये. चेकनट (स्क्रू जागेवर अडकवणारा नट) घट्ट करताना स्क्रू नटाबरोबर किंचित फिरतो आणि फट बदलते, म्हणून स्क्रू धरून ठेवून नट आवळावा व त्यानंतर पुन्हा मोजावे. दुसरी फसगत झिजलेल्या रॉकरची. रॉकर जिथे व्हॉल्व्हवर टेकतो तिथे वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी उथळ खळगा पडतो. सरळ पाती त्या खळग्याच्या दोन काठांवर पुलासारखी टेकते आणि खाली उरलेली पोकळी मापात येतच नाही. माप बरोबर असूनही एकच टॅपेट वाजत राहिला तर तो कानाच्या भरवशावर आवळत बसू नये, रॉकरची टेकणारी बाजू पाहावी.

स्क्रू गरजेपेक्षा जास्त सैल केला तर पुशरॉड (खालच्या कॅमशाफ्टची हालचाल रॉकरपर्यंत नेणारी दांडी) आपल्या वाटीतून निसटू शकतो, आणि तसाच ठेवून इंजिन फिरवले तर तो वाकतो. ३०० टीडीआयमध्ये व्हॉल्व्हच्या टोकांवर छोट्या टोप्या असतात; प्रत्येक टोपी जागेवर आहे की नाही, हे कव्हर बसवण्यापूर्वी मोजून पाहावे.

बकेट (व्हॉल्व्हवर बसणारी उलटी वाटी) आणि शिम (ठरावीक जाडीची चकती) असलेल्या इंजिनात, उदाहरणार्थ १एचझेडमध्ये, स्क्रू नसतोच. तिथे जुन्या शिमच्या जाडीत मोजलेली फट मिळवायची आणि हवी असलेली फट वजा करायची. एक्झॉस्टला ०.३० फट भरली, जुनी शिम २.५५ ची आहे आणि ०.४० फट हवी आहे, तर नवी शिम २.४५ ची लागेल. घाईत लोक हा हिशेब उलटा करून जाड शिम घालतात. शिमवरचा आकडा पुसट असो वा स्पष्ट, जाडी मायक्रोमीटरनेच मोजावी, कारण वापरलेली शिम छापल्याबरहुकूम उरलेली नसते.

चिखलातून फिरणाऱ्या गाडीचे कव्हर काढण्याआधी त्याभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने साफ करावी, नाहीतर ती थेट तेलात जाते. सगळे लावून झाल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवून प्रत्येक फट पुन्हा मोजावी. मग नवे गॅस्केट बसवावे आणि कव्हरचे नट दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावर) थांबवावेत; गळती दिसली की आणखी आवळण्याची सवय कव्हर वाकवते आणि गळती वाढवते. इंजिन सुरूच होत नसेल तर टॅपेटवर संशय घेण्याआधी, काम करताना सोडलेली ग्लो प्लगची आणि पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची (डिझेल बंद-चालू करणाऱ्या विद्युत झडपेची) तार परत जोडली आहे का, ते पाहावे.

लावण्यापूर्वी भरलेले प्रत्येक व्हॉल्व्हचे माप वहीत तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या तपासणीत तोच एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुन्हा इतरांपेक्षा बराच घट्ट निघाला, तर फट वाढवून कव्हर मिटू नये. त्या सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी करून घ्यावी, कारण बिघाड आता स्क्रूत नसून सीटमध्ये असण्याची शक्यता अधिक असते.