रक्तदाब घसरलेला असताना श्वासाची उपकरणे कशी वापरावीत

रक्तदाब घसरलेला रुग्ण समोर आला की आपला हात आधी सलाइनकडे जातो, आणि ते योग्यच आहे. मात्र त्याच वेळी रुग्णाच्या तोंडावर कोणता मास्क आहे आणि त्यातून हवा ओढली जात आहे की ढकलली जात आहे, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. रक्तदाबाच्या दृष्टीने हवा ओढणे आणि ढकलणे या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत. पुढील माहिती रुग्णवाहिकेत आणि अपघात विभागात काम करणारे डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ यांच्यासाठी आहे. घरी प्रयोग करण्यासाठी ती नाही.

माणूस स्वतः श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकते, छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि हवेबरोबरच मोठ्या शिरांमधले रक्तही हृदयाच्या उजव्या बाजूकडे ओढले जाते. अँब्यू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), सीपॅप (मास्कमधून सतत दाबाने हवा देणारे यंत्र) किंवा व्हेंटिलेटर हवा आत ढकलतात, त्यामुळे छातीतला दाब वाढतो आणि परतणारे रक्त अडते. शरीरात रक्त आणि पाणी पुरेसे असेल, तर हा फरक जाणवतही नाही. रक्तस्राव झालेल्या, जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या किंवा जंतुसंसर्गाने शॉकमध्ये (अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेत) गेलेल्या रुग्णात मात्र तेवढ्यानेच वरचा बीपी नव्वदवरून साठवर येऊ शकतो.

या ओढीचा उपयोग करून घेणाऱ्या उपकरणाला ‘इम्पीडन्स थ्रेशोल्ड डिव्हाइस’ किंवा थोडक्यात आयटीडी म्हणतात. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ कीथ लुरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात ते विकसित केले. अंतराळातून परतल्यावर उभे राहताच रक्तदाब कोसळणाऱ्या अंतराळवीरांमुळे नासाने, आणि रणांगणावर रक्तस्राव झालेल्या सैनिकांमुळे अमेरिकी लष्कराच्या सॅन अँटोनियो येथील संशोधन संस्थेने त्यात रस घेतला. स्वतः श्वास घेणाऱ्या रुग्णासाठीचा प्रकार ‘रेस्क्यूगार्ड’ या नावाने ओळखला जातो. मुठीत मावेल एवढ्या या प्लास्टिकच्या तुकड्यात एक झडप असते. श्वास घेताना सुमारे 7 सेंटिमीटर पाण्याच्या दाबाइतकी ओढ निर्माण होईपर्यंत ती उघडत नाही. उच्छ्वासाला मात्र अडवत नाही. त्यामुळे प्रत्येक श्वासाला छातीत नेहमीपेक्षा अधिक पोकळी निर्माण होते आणि हृदयात थोडे अधिक रक्त येते. डोक्यातला दाबही किंचित उतरत असल्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताला दुहेरी मदत होते.

हे उपकरण लावण्याआधी रुग्ण शुद्धीवर आहे, सांगितलेले समजतो आहे आणि स्वतःच्या बळावर श्वास घेतो आहे, याची खात्री करावी. बाहेर दिसणारा रक्तस्राव आधी दाबून किंवा टूर्निके (हात-पाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा) बांधून थांबवावा, कारण वाहत्या जखमेवर रक्तदाब वाढवणे म्हणजे गळक्या घागरीत पाणी ओतणे होय. छातीला मार लागून बरगड्या मोडल्या असतील, छातीत भोसकल्याची जखम असेल, रुग्ण छातीत दुखते किंवा दम लागतो म्हणत असेल, हृदय निकामी होत आल्याचा, महाधमनीची झडप अरुंद असल्याचा किंवा फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेला असल्याचा पूर्वेतिहास असेल, तर या उपकरणाच्या वाटेला जाऊ नये.

त्यानंतर रुग्णाला चार शब्द सांगावेत, आणि ही पायरी गाळू नये. ‘श्वास घेताना थोडा जोर लागेल, नळीतून घट्ट लस्सी ओढावी तसा, सोडताना काही त्रास होणार नाही,’ एवढे सांगितले तरी घाबरून मास्क ओढून काढण्याचे प्रसंग बरेच टळतात. मास्क नाकाच्या उंचवट्यापासून हनुवटीपर्यंत घट्ट बसवावा, कारण कडेने हवा शिरत असेल तर झडपेला काही अर्थच उरत नाही. दाढी असलेल्या रुग्णाला मास्क दोन्ही हातांनी धरून ठेवावा लागतो. रुग्णाला दोन ते तीन सेकंद सावकाश, खोल श्वास घ्यायला आणि मग सहज सोडायला सांगावे. मिनिटाला 10 ते 16 श्वास पुरेसे आहेत. ऑक्सिजन लागत असेल तर तो उपकरणावरच्या ठरावीक तोंडातूनच जोडावा आणि प्रवाह सोबतच्या पत्रकात दिलेल्या मर्यादेत ठेवावा. अधिक प्रवाह सोडल्यास हवी असलेली ओढच नाहीशी होते.

उपकरण लावण्याआधीचा रक्तदाब, नाडी आणि ऑक्सिजनचे प्रमाण लिहून ठेवावे आणि लावल्यानंतर दर दोन-तीन मिनिटांनी ते पुन्हा मोजावे. दम वाढला, छातीत दुखू लागले, ऑक्सिजन घसरला किंवा रुग्ण सुस्तावला, तर उपकरण तत्काळ काढावे. ते लावलेले असतानाही शिरेत सुई टाकणे, सलाइन किंवा रक्त देणे आणि कारणाचा शोध घेणे चालूच ठेवावे, कारण या साधनाने मिळतो तो केवळ अवधी. रक्तदाब स्थिरावला की ते काढून पुन्हा मोजावे. काढताच बीपी खाली आला, तर शरीरात अद्याप द्रव कमी आहे, हे त्यातून कळते.

याच उपकरणाचा दुसरा प्रकार हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी आहे, आणि त्याविषयी सावध राहणे बरे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॉक प्राइम्ड’ या चाचणीत 8,718 रुग्णांपैकी काहींना खरे आणि काहींना दिसायला तसेच पण निष्क्रिय उपकरण लावले गेले. चांगल्या अवस्थेत घरी परतलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे 5.8 आणि 6 टक्के होते, म्हणजे फायदा शून्य. त्यामुळे 2015 च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी नेहमीच्या सीपीआरमध्ये (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून व श्वास देऊन केल्या जाणाऱ्या उपचारात) ते सरसकट वापरू नये, असे सांगितले. छाती दाबून पुन्हा वर ओढणाऱ्या पंपासोबत त्याचा उपयोग होऊ शकतो, परंतु तो पंप आपल्याकडे अभावानेच आढळतो.

माझ्या मते आपल्याकडे बीपीवर सर्वाधिक परिणाम करणारे श्वासाचे उपकरण म्हणजे रोजची अँब्यू बॅग, आणि तो परिणाम बहुधा वाईटच असतो. 2004 मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात केलेल्या पाहणीत प्रशिक्षित कर्मचारीही सीपीआरच्या वेळी मिनिटाला सरासरी 30 श्वास देत असल्याचे आढळले. त्याच अभ्यासात डुकरांवर केलेल्या प्रयोगात मिनिटाला 12 श्वास दिलेल्या सातांपैकी सहा जगली, तर 30 श्वास दिलेल्या सातांपैकी एकच. गाडी धावत असते, नातेवाईक ओरडत असतात आणि बॅग धरलेला हात नकळत त्या घाईला साथ देतो.

म्हणून नाडी असलेल्या मोठ्या माणसाला दर सहा सेकंदांनी एकच श्वास द्यावा. बॅगेची क्षमता सुमारे दीड लिटर असते आणि हवी असते पाचशे-सहाशे मिलिलिटर हवा. तेव्हा दोन्ही हातांनी पिळू नये, एका हाताने एक सेकंदात दाबावी आणि छाती जेमतेम उचलली की थांबावे. मनात ‘एक, दोन, तीन, चार, पाच’ असे सावकाश मोजून सहाव्याला बॅग दाबण्याची सवय लावून घ्यावी, किंवा शेजारच्या सहकाऱ्याला मोठ्याने मोजायला सांगावे. हाताला चाळा नको म्हणून दोन श्वासांच्या मधे बोटे बॅगेवरून उचलून ठेवण्याची युक्ती मला सर्वांत उपयोगी वाटते.

सीपॅप लावण्याआधी वरचा बीपी नव्वदच्या खाली नाही ना, हे पाहावे. असेल तर सीपॅप टाळावा. श्वासनलिकेत नळी टाकण्याचा निर्णय झाला असेल आणि वेळ हाताशी असेल, तर आधी सलाइन व गरजेनुसार रक्तदाब वाढवणारे औषध सुरू करावे, कारण भुलीचे औषध आणि ढकललेली हवा हे दोन्ही धक्के एकदमच बसतात. नळी टाकल्यानंतर बीपी कोसळला तर सर्वप्रथम नळी बॅगेपासून किंवा व्हेंटिलेटरपासून सोडवावी. दम्याच्या रुग्णात आत अडकलेली हवा फुस्स आवाज करत काही सेकंद बाहेर येत राहते आणि छाती हलक्या हाताने दाबल्यास आणखी निघते. रक्तदाब वर आला, तर श्वासांची संख्या कमी करून उच्छ्वासाला अधिक वेळ देऊन पुन्हा जोडावे. तरीही बीपी उठत नसेल आणि एका बाजूला हवा शिरल्याचा आवाज येत नसेल, तर एक्स-रेची वाट न पाहता छातीत दाबाखाली कोंडलेली हवा सुई टाकून मोकळी करावी.