रीफ टँकमधलं एप्टेशिया उपटू नका
रीफ टँकमध्ये, म्हणजे कोरल (प्रवाळ) पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, खडकाच्या फटीत तपकिरी, अर्धपारदर्शक देठ, वर टोकदार शुंडकांचा झुपका आणि चिमटा जवळ नेताच सगळं झटकन आत गडप, तर ते एप्टेशिया, एक छोटं समुद्रफूल (सी अ‍ॅनिमोन). पोसू नका, शेजारच्या कोरलला डंख मारतं. पण खरवडूही नका. हा रक्तबीज आहे: तळव्याचा बारीकसा तुकडा मागे राहिला तरी त्यातून नवं उगवतं.

दोनचारच असतील तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट उत्तम. शुद्ध पावडर आरओच्या पाण्यात कालवा, सिरिंजमधून जेमतेम उतरेल इतकी दाट. (पानाचा चुना चालेल का, असं विचारू नका, त्यात काय मिसळलंय कोण जाणे.) हातमोजे, चष्मा घाला. सगळे पंप बंद करा. सुई हळूच तोंडापाशी न्या, देठाला धक्का लावू नका, आणि ते आकसायच्या आत पेस्ट सोडून भोकही बुजवा. पंधरा-वीस मिनिटांनी पंप सुरू करा. एका दिवशी थोडीच मारा, नाहीतर पीएच भसकन वर जातो.

फार पसरलं असेल तर पेपरमिंट कोळंबी आणा. दुकानात पाठीला कुबड असलेली कॅमल कोळंबी याच नावाने गळ्यात मारतात, ती कोरल कुरतडते. बर्घिया ही समुद्री गोगलगाय फक्त एप्टेशियाच खाते. मात्र टँकमध्ये रास (wrasse) जातीचे मासे असतील तर तीच त्यांचा नाश्ता होईल.

नवं कोरल टाकताना त्याचा प्लग (कोरल चिकटवलेली छोटी बैठक) उलटा करून बघा, बहुतेक वेळा पाहुणा तिथूनच येतो.