रशियन आवाँ-गार्द चित्रं पाहताय? आधी या चुका टाळा

रशियन आवाँ-गार्द म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, जुन्या चौकटी मोडणारी प्रयोगशील कला. या विषयात सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे १९१७च्या क्रांतीतूनच ही कला जन्मली असं धरून चालणं. तारखा शेजारी मांडून बघा. चित्रकार काझिमिर मालेविचचा 'काळा चौरस' लोकांसमोर आला तो डिसेंबर १९१५मध्ये, पेत्रोग्रादच्या (आजचं सेंट पीटर्सबर्ग) '०,१०' नावाच्या प्रदर्शनात. तेव्हा गादीवर झार दुसरा निकोलस होता आणि पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. चित्रकार नताल्या गोंचारोव्हावर तर १९१०मध्येच नग्न चित्रांवरून अश्लीलतेचा खटला होऊन ती सुटलीही होती. क्रांतीने या मंडळींना शाळा दिल्या, पोस्टरं दिली, भिंती दिल्या. पण चित्रभाषा त्यांनी आधीच कमावलेली होती.

'चौरस' मोबाइलवर पाहून निकाल देऊ नका

छापील पानावर किंवा पडद्यावर हे चित्र म्हणजे सपाट काळा ठोकळा दिसतो आणि "यात काय आहे?" असं म्हणून माणूस पुढे सरकतो. मला याची फार हळहळ वाटते, कारण त्या चित्रात पाहण्यासारखं खूप आहे आणि नेमकं तेच छपाईत हरवतं.

मूळ कॅनव्हास मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत आहे. जेमतेम ७९.५ सेंटिमीटर लांब-रुंद, म्हणजे कॅरम बोर्डापेक्षा फार मोठा नाही. काळ्या रंगाला जाळीसारख्या भेगा गेल्यात आणि त्या भेगांतून खालचे रंग डोकावतात. २०१५मध्ये गॅलरीच्या अभ्यासकांनी क्ष-किरणांनी तपासणी केली, तेव्हा या काळ्याखाली आणखी दोन रंगीत रचना सापडल्या. कडाही पट्टी लावून आखलेल्या नाहीत. बाजू एकमेकींना नेमक्या समांतर नाहीत, त्यामुळे आकार किंचित हलतोय असं वाटतं. प्रदर्शनाच्या यादीत त्याचं नाव नुसतं 'चौकोन' असंच होतं. आपल्याकडे कुणी 'काळा चौकोन' म्हटलं की लगेच दुरुस्त केलं जातं, पण ते नाव मूळ यादीच्या जास्त जवळचं आहे!

चित्र टांगलं होतं कुठे, हेही बघा. '०,१०'चं छायाचित्र उपलब्ध आहे. चौरस भिंतीच्या मधोमध नाही, वर कोपऱ्यात, दोन भिंती मिळतात तिथे आहे. रशियन घरात ती जागा येशू-मेरीच्या प्रतिमांची, आपल्याकडच्या देव्हाऱ्यासारखी. तिथे काळा आकार बसवणं म्हणजे काय, हे त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावं लागलं नसणार.

सगळ्यांना एका गटात कोंबू नका

त्याच प्रदर्शनात तात्लिन, पोपोव्हा आणि उदाल्त्सोव्हा या चित्रकारांनी आपल्या दालनावर 'व्यावसायिक चित्रकारांचं प्रदर्शन' अशी पाटी लावली होती, मालेविचच्या बाजूपासून आपण वेगळे हे कळावं म्हणून. वितेब्स्क गावातही तेच. तिथली कलाशाळा चित्रकार मार्क शागालने काढली. १९१९च्या अखेरीस मालेविच शिकवायला आला आणि विद्यार्थी त्याच्याकडे वळले. बाहीवर काळा चौरस शिवून हिंडू लागले. १९२०मध्ये शागालने गाव सोडलं. 'रशियन' हा शब्दही जपून वापरा: मालेविच कीव्हजवळचा, पोलिश घरातला, वितेब्स्क आज बेलारूसमध्ये आहे, पोस्टरकार क्लुत्सिस लॅट्व्हियाचा.

तात्लिनने कम्युनिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्मारकासाठी कल्पिलेला मनोरा बांधला गेला, असंही काही जण लिहितात. नाही. ४०० मीटर उंचीची कल्पना होती, १९२०मध्ये पेत्रोग्रादला फक्त लाकडी प्रतिकृती उभी राहिली.

चित्रावरची तारीख डोळे झाकून घेऊ नका

तारखा बघा असं मीच वर म्हटलं, पण इथे अडायला होतं. 'काळ्या चौरसा'च्या मागे मालेविचने १९१३ लिहिलंय, कारण त्या वर्षी एका ऑपेराच्या नेपथ्यावर काम करताना ही कल्पना सुचली, असं तो मानायचा. १९२७मध्ये तो बर्लिनला प्रदर्शन घेऊन गेला आणि चित्रं तिथेच ठेवून परतला. १९२९मध्ये त्रेत्याकोव्हमध्ये त्याच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा हाताशी जुनी चित्रं पुरेशी नव्हती. मग त्याने 'सुरुवातीची' चित्रं नव्याने रंगवली आणि त्यांवर जुन्या तारखा घातल्या. त्यामुळे एखादं शेतकऱ्याचं चित्र १९१०चं म्हणून पुढे आलं आणि शैली पटेना, तर संग्रहालयाने दिलेला काळ तपासा.

शेवट एका फटक्यात झाला असं मानू नका

कम्युनिस्ट पक्षाच्या २३ एप्रिल १९३२च्या ठरावाने कलाकारांचे सगळे स्वतंत्र गट बरखास्त झाले, हे खरं. पण प्रत्येकाची वाट निराळी होती. क्लुत्सिस स्टालिनची पोस्टरं करत होता, तरी १९३८मध्ये त्याला गोळी घातली गेली. चित्रकार फिलोनोव्ह १९४१मध्ये लेनिनग्रादच्या (पूर्वीचं पेत्रोग्राद) वेढ्यात उपासमारीने गेला. चित्रकार-छायाचित्रकार रोदचेन्कोने १९३३मध्ये कैद्यांकडून खोदून घेतलेल्या श्वेत समुद्र कालव्याची छायाचित्रं काढली. त्याला नुसतं बळी म्हणूनही भागत नाही आणि नुसतं सरकारी म्हणूनही नाही.

मालेविचला १९३०मध्ये अटक झाली होती. १९३३च्या आत्मचित्रात तो जुन्या इटालियन चित्रांतल्यासारख्या पोशाखात उभा आहे. ओळखीचा चेहरा, नीट रंगवलेले हात. इथे 'शेवटी हार मानली' असं म्हणायची घाई होते. खाली कोपऱ्यात सहीची जागा बघा. तिथे नाव नाही, एक छोटा काळा चौरस आहे.