गावाकडून आणलेल्या आई-वडिलांची न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी: विदर्भातून अमेरिकेत नव्याने आलेल्यांसाठी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावातून अमेरिकेत येऊन मला १९ वर्षे झाली. या काळात आपल्या भागातली अनेक कुटुंबे म्हाताऱ्या आईला किंवा वडिलांना इकडे आणताना, त्यांचा विसरभोळेपणा वाढलेला पाहून घाबरताना आणि डॉक्टरांनी न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणी, म्हणजे स्मरणशक्ती, लक्ष, भाषा अशी मेंदूची कामे कशी चालतात ते पाहणाऱ्या चाचण्या, सुचवल्यावर नेमकी माझ्याच हातून झालेली चूक करताना मी पाहिली आहेत. ती टळावी म्हणून हे लिहीत आहे.

या तपासणीत सुई टोचत नाहीत आणि कोणत्याही यंत्रात झोपवत नाहीत. न्यूरोसायकॉलॉजिस्ट हे मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले तज्ज्ञ असतात आणि बहुतेक राज्यांत त्यांना औषध लिहून देण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे गोळ्यांची अपेक्षा ठेवू नये. आधी तासभर बोलणे होते आणि नंतर टेबलावर बसवून चाचण्या घेतल्या जातात. ऐकलेले शब्द काही वेळाने पुन्हा सांगणे, आकृती काढणे, आकडे उलट क्रमाने म्हणणे, चित्रांतल्या वस्तू ओळखणे, असे त्यांचे स्वरूप असते. एकूण तीन ते सहा तास लागतात आणि थकवा आल्यास काम दोन दिवसांत विभागता येते. प्रश्न मुद्दाम सोप्याकडून अवघडाकडे जातात, म्हणून प्रत्येकजण कुठे ना कुठे अडतोच, हे वडीलधाऱ्यांना आधीच सांगावे. चष्मा आणि कानाचे यंत्र विसरू नये. नेहमीची औषधे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करू नयेत.

माझे वडील पहिल्यांदा ऐकताच म्हणाले, "मले काय येड लागलं हाय का?" हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि त्यावर खोटे बोलून, डोळे तपासायचे आहेत असे सांगून त्यांना नेणे मला अजिबात मान्य नाही. पेरणीआधी मातीचा नमुना तपासायला देतो, तेव्हा जमीन वाईट ठरत नाही, तिला काय कमी पडते एवढेच कळते, असे मी त्यांना सांगितले, आणि ते शांतपणे यायला तयार झाले.

आता माझी चूक सांगतो. रुग्णालयाने दुभाष्या देऊ केला होता. माझ्या बापाची भाषा माझ्यापेक्षा जास्त कोणाला कळणार, अशा समजुतीने मी तो नाकारला आणि स्वतः शेजारी बसलो. रुग्णालयानेही मला बसू दिले, जे त्यांनी करायला नको होते. तारीख विचारल्यावर वडील म्हणाले, "पोळ्याचा दुसरा दिवस." पोळा होऊन तीन आठवडे उलटले होते, आणि मी मात्र त्यांचे उत्तर दुरुस्त करून बरोबर तारीख सांगितली. शब्द आठवेनात तेव्हा प्रश्न पुन्हा सांगण्याच्या निमित्ताने मी त्यात इशारा घातला. मला फसवायचे नव्हते. परक्या माणसासमोर त्यांची फजिती होऊ नये, एवढेच मनात होते. अहवालात सारे वयाला व शिक्षणाला धरून असल्याचे आले आणि आम्ही निर्धास्तपणे त्यांना गावी परत पाठवले. दोन महिन्यांनी त्यांनी एकाच सकाळी मधुमेहाची गोळी दोनदा घेतली, काही न खाता शेतात गेले आणि साखर उतरून धुऱ्यावर पडले. शेजारच्या शेतातून घरी परतणाऱ्या मजुरांना ते संध्याकाळी सापडले. नऊ दिवस ते नागपूरला भरती होते. लगेच दुसरी तपासणीही करता येईना, कारण त्याच प्रकारच्या चाचण्या लवकर पुन्हा दिल्या की सरावाने गुण वाढतात, म्हणून बहुधा सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. म्हणजे माझ्या मायेपायी त्यांच्या आजाराचे निदान दीड वर्ष लांबले.

म्हणून आपण दुभाष्या होऊ नका. आपल्या मुलांना तर कधीच बसवू नका. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यामुळे, केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयाला भाषेची मदत विनामूल्य द्यावीच लागते. वेळ ठरवतानाच ती लेखी मागावी आणि मराठी असे स्पष्ट लिहावे, नाहीतर भारतातून आलेले म्हणून हिंदीचा माणूस दिला जातो. फोनवरचा दुभाष्या या कामाला पुरत नाही. तो समोर किंवा निदान पडद्यावर तरी हवा. आपण मुलाखतीपुरते आत जावे, घरी काय दिसते ते प्रामाणिकपणे सांगावे आणि चाचण्या सुरू झाल्या की बाहेर बसावे.

दुभाष्या पुण्या-मुंबईचा असला तर आणखी एक अडचण येते. टमाट्याच्या चित्राला आपली आई "भेद्रं" म्हणेल, शेंगदाण्याला "फल्ली" म्हणेल, शेताकडे जाणाऱ्या वाटेला "पांधण" म्हणेल. ऐकणाऱ्याला हे शब्द ठाऊक नसतील तर तो उत्तर चुकले असे सांगेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या अर्थहीन शब्द बोलतात असे सांगेल, आणि अर्थहीन शब्द तयार करणे हे मेंदूच्या काही आजारांचे खरोखरचे लक्षण आहे. त्यामुळे घरात वऱ्हाडी बोलली जाते हे आधीच कळवावे आणि नेहमीच्या वीस-पंचवीस शब्दांची यादी अर्थासह द्यावी. वऱ्हाडीची लाज वाटून आई-वडिलांना चार दिवस प्रमाण भाषा शिकवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे केल्याने ते बिचारे आणखी अडखळतात. चाचणीतले प्रश्न शोधून घरी घोकून घेणे तर त्याहून घातक आहे.

शिक्षण लपवू नये. गुणांची तुलना त्याच वयाच्या आणि तेवढ्याच शिक्षणाच्या माणसांशी करायची असते. चौथी शिकलेल्याला मॅट्रिक सांगितले तर नसलेला आजार कागदावर येऊ शकतो. पण शाळा कमी म्हणजे बुद्धी कमी असेही तज्ज्ञाला वाटू देऊ नये. वडील बाजार समितीत क्विंटल आणि भाव यांचा हिशेब तोंडी करत होते का, आणि तो केव्हापासून चुकू लागला, हे भावाला फोन करून विचारावे, कारण गावातल्या रोजच्या व्यवहारात पडलेला फरक ही सर्वांत उपयोगी माहिती असते.

फवारणीबद्दल इथले डॉक्टर आपणहून विचारतील याचा भरवसा नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे त्यांना ठाऊक नसते. घरात कोणाला कधी अशी बाधा झाली असेल तर साल आणि औषधाचे नाव सांगावे. सिकलसेलचेही तसेच आहे. हा आजार विदर्भात बऱ्याच घरांत आहे आणि त्यात लहान वयातही मेंदूचा रक्तपुरवठा अडून लक्ष व शिकणे यांवर परिणाम होऊ शकतो. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा बिघाड, नैराश्य, अपुरी झोप यांमुळेही विसर पडतो, म्हणून रक्ताचे जुने अहवाल जवळ ठेवावेत.

खर्च हजारो डॉलरांत जाऊ शकतो. पाहुण्यांच्या प्रवासी विम्यात तो सहसा बसत नाही. आपला विमा असल्यास ९६१३२ आणि ९६१३६ हे या तपासणीचे बिलातले सेवा-क्रमांक सांगून पूर्वमंजुरी लेखी घ्यावी.

मुलांसाठी थोडक्यात सांगतो: सरकारी शाळेकडे लेखी विनंती करावी. शाळेला गरज पटली तर ती स्वतःच्या खर्चाने मूल्यमापन करते. नकार दिला तर कारण लेखी द्यावे लागते.

काही आठवड्यांनी निष्कर्ष समजावण्यासाठी पुन्हा बोलावतात. इथले लोक मुलाकडे न पाहता थेट वडिलांशी बोलतात, ते मला सुरुवातीला खटकले, पण आता तेच योग्य वाटते. त्या बैठकीत निदानाच्या नावापेक्षा वडील एकटे राहू शकतात का, औषधे स्वतः घेऊ शकतात का, पैशांच्या कागदावर सही करताना कोणी सोबत हवे का, हे विचारावे आणि अहवालाची प्रत मागून घ्यावी. दुसऱ्या तपासणीनंतर मी शिफारशींचे पान मराठीत उतरवून गावी भावाला पाठवले. आता रोज सकाळी वहिनी वडिलांना भाकर वाढते, मगच गोळी हातावर ठेवते, आणि गोळ्यांचा डबा कपाटात कुलपात राहतो.